उताराचं भ्या

मला उताराची भीती वाटते. चढाची कधीच वाटली नाही. आता हे मी कुणालाही सांगतो, पण कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. ते लपवण्यापायी मी जे केलं, ते सांगायला आजही जड जातं.

आमचं गाव चौसाळ्याच्या फाट्यापासून आत, डोंगराच्या माथ्यावर आहे. मी बीडच्या एका कॉलेजात शिकत होतो. मामाच्या पोरानं टाकून दिलेली गिअरची सायकल माझ्याकडं आली होती. बीडला जायचं म्हणजे सकाळी घाट उतरायचा आणि संध्याकाळी तोच चढायचा. सकाळी मी सायकल दुधाच्या टेम्पोत टाकायचो. कॅनांच्या मधे ती आडवी करायची आणि तिच्यावर हात ठेवून डोळे मिटून उभं राहायचं. संध्याकाळी मात्र घाट सायकलवर मारायचो. भरलेले ट्रक रांगत असायचे, त्यांना मागं टाकत वर यायचो. धाब्यावरची माणसं हात करायची. चौसाळ्याकडचं पोरगं रोज घाट चढतंय, अशी माझी कीर्ती पसरली. रोज चढणारा हा गडी रोज उतरतो कधी, हे मात्र कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. दूधवाल्याला माहीत होतं, पण त्याला वाटायचं पोराची झोप झालेली नसते.

ही भीती कुठून आली ते मला ठाऊक आहे. आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दसरा झाला की ऊसतोडीला जायचे. आमची बैलगाडी होती. मी सात-आठ वर्षांचा असेन. एके दिवशी भरलेल्या गाडीवर, उसाच्या मोळ्यांवर बसून कारखान्याकडं निघालो होतो. अलीकडं एक उतार होता. उतार लागला तशी सगळ्या उसाची रेटारेटी बैलांच्या मानेवर आली. अण्णा खाली उतरले आणि कासरा धरून अख्ख्या अंगानं मागं रेलले. तरी उजवा बैल घसरला. त्याचे पुढचे गुडघे रस्त्याला टेकले आणि गाडी त्याला तसाच ढकलत खाली निघाली. अण्णा ओरडत होते, "उडी टाक! उडी टाक, बे!" मला उडी टाकता आली नाही. मोळ्यांवरून आवळलेला दोर मी दोन्ही मुठींत धरला होता आणि मुठी उघडत नव्हत्या.

गाडी कडेच्या मातीच्या ढिगाला अडली. कुणाला काही झालं नाही. बैलाचे गुडघे सोलले, त्यावर आईनं हळद लावली. पण तेव्हापासून उतार लागला की माझ्या मुठी आपोआप मिटतात. आणि सायकलच्या हँडलवर मुठी मिटल्या की ब्रेक लागतो. मी मनाशी एक गोष्ट पक्की करून टाकली होती, की उतारावर जो सगळा वेळ ओढून धरतो तोच वाचतो. अण्णांना मी तसंच करताना पाहिलं होतं.

जिल्ह्याची एक स्पर्धा झाली. ती नुसती चढाची होती, त्यामुळं मी पहिला आलो. बक्षीस घेऊन उतरलो तर अंबाजोगाईच्या एका कॉलेजचे क्रीडाशिक्षक समोर उभे. उंच, वाळलेले, आणि बोलताना समोरच्याच्या पायांकडं बघणारे. त्यांच्याकडं डोंगरी सायकलीच्या शर्यतीचा संघ होता, कॉलेजच्या सायकली होत्या, सकाळ-संध्याकाळ सराव होता. "बीडमध्ये तुला कोण शिकवतं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही. "मग माझ्याकडे ये. पण नीट ऐक. दसऱ्याच्या आधी मी ट्रायल घेतो. दरीत उतरणारी वाट आहे, ती ठरलेल्या वेळात उतरून दाखवायची. उतरलास तर संघात. नाही उतरलास तर वर्गात बसायला तू मोकळा, पण वसतिगृहातली खाट आणि सायकल संघातल्या पोरांसाठीच असते."

उतारावर तुझं कसं आहे, असं त्यांनी विचारलं असतं तर कदाचित मी खरं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. चढ असा चढणारा पोरगा उतरतही असणारच, असं त्यांनीही धरलं.

बीडच्या कॉलेजातून टीसी काढली. खिडकीतला बाबू म्हणाला, "एकदा नेली की तुझी जागा दुसऱ्याला जाती. परत येऊन रडायचं न्हाई." मी मान हलवली. म्हणजे मागचा दरवाजा बंद झाला. पुढच्यात पाय अडकला तर एकच रस्ता उरत होता, आई-अण्णांबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर. त्या कामाची मला लाज नव्हती. पण शाळेच्या सुट्ट्यांत मी ते केलेलं होतं आणि ते काय असतं ते मला माहीत होतं.

आता फ्लेक्सचं सांगतो. आमच्याकडं बारसं, वाढदिवस, नोकरी, नव्या ट्रॅक्टरची पूजा, कशाचाही फ्लेक्स लागतो. मी अंबाजोगाईला निघालो त्या दिवशी सकाळी फाट्यावर गेलो तर माझाच फ्लेक्स. वर गावच्या पुढाऱ्यांचा हा एवढा चेहरा. खाली डाव्या कोपऱ्यात मी, डोळ्यांवर गॉगल. गॉगल माझा नव्हता, तो छापणाऱ्यानं घातला होता. अक्षरं लाल-पिवळी. 'आंतरविद्यापीठ सायकल संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'

निवड झाली नव्हती. संघ विद्यापीठाचा नव्हता. मी पुढाऱ्यांजवळ गेलो आणि म्हटलं, "साहेब, अजून ट्रायल व्हायचीय." ते हसले. "आरं, व्हईल की! आपलं पोरगं हाय, कावून न्हाई हुणार?" त्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला, शाल टाकली, नारळ दिला. मोबाइलवर फोटो निघाले. अण्णा गर्दीच्या मागं उभे होते. ते वाचायला अडखळतात, तरी 'निवड' हा शब्द त्यांनी वाचला असावा, कारण ते त्याच्याकडं टक लावून बघत होते. मी त्यांना तरी खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. फेटा काढून पिशवीत कोंबला आणि एसटीत बसलो.

वसतिगृहात माझा सोबती घाटनांदूरचा होता. संघात दोन वर्षांचा जुना. बुटका, बोलका, आणि उतारावर वाऱ्यासारखा. लहानपणी त्याच्याकडं बिनब्रेकची सायकल होती, म्हणून ब्रेक दाबायची सवयच नव्हती. अंबाजोगाईच्या मागं जमीन एकदम दरीत पडते. तिथं बैलगाडीची जुनी वाट आहे, मुरूम, सुटे दगड, दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं. त्या वाटेला तीन वळणं, आणि तिसऱ्यावर रस्त्यात घुसलेला एक खडक. तो खडक आला की मी जवळजवळ थांबायचोच. सोबती खाली पोचून शेंगदाणे खात बसलेला असायचा. मी पोचलो की म्हणायचा, "चढावर तू देव हाईस बे. उतारावर कावून बैलगाडी हाकतूस?"

तो चेष्टेनं म्हणायचा. बैलगाडीचं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. पण ते शब्द ऐकले की मी सायकल वळवून चढाला लागायचो.

सरांची एक पद्धत होती. कॉलेजच्या सगळ्या सायकली एकाच बनावटीच्या. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी कोरे ब्रेकपॅड घालून द्यायचे. चाकाच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात त्या दोन लहान चकत्या. आणि शनिवारी सकाळी त्या काढून हातात घेऊन बघायचे. उतारावर तुम्ही किती घाबरता ते पोटात दडवता येतं, चकतीत दडवता येत नाही. पहिल्या शनिवारी त्यांनी माझ्या चकत्या तळहातावर घेऊन उलटसुलट करून बघितल्या. निम्म्या झिजल्या होत्या.

"एका आठवड्यात?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "सर, वाट नवीन होती."

"पुढच्या शनिवारपर्यंत जुनी होईल. वळणाच्या आधी दाबायचं, वळणात सोडायचं. सगळा उतार धरून ठेवशील तर तापून एक दिवस धरायच्याच बंद होतील." त्यांनी चकत्या परत बसवल्या. "पुन्हा अशा दिसल्या तर ट्रायलपर्यंत थांबायची गरज नाही."

तो आठवडा मी कसा काढला! रोज ठरवायचो, आज सोडायचं. पहिलं वळण येण्याच्या आधीच मुठी मिटायच्या. मी बोटांना शिव्या दिल्या. एकदा दोन बोटं चिंधीनं हँडलला बांधून बघितली, तर उरलेल्या बोटांनी दाबलं. शुक्रवारी दुपारी चकत्या बघितल्या, मागच्या चाकाच्या तर पार कागदासारख्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सर बघणार, आणि रविवारी मी गावच्या फाट्यावर उतरणार, माझ्याच फ्लेक्सखाली.

जुन्या पोरांच्या चकत्या सर बघत नसत. सोबत्याच्या तर नाहीच. सगळी पोरं मेसला जेवायला गेली होती. मी पोट बिघडल्याचं सांगून सायकलींच्या शेडमधे गेलो. पिन काढायची, जुन्या ओढायच्या, दुसऱ्या सरकवायच्या. पाच-दहा मिनिटांचं काम. त्याच्या चकत्या दोन वर्षांत जेमतेम निम्म्या झिजल्या होत्या, सरांनी गेल्या शनिवारी बघितलेल्या माझ्या चकत्यांएवढ्याच; त्या माझ्या सायकलीत आणि माझ्या त्याच्या सायकलीत. एवढ्यावर थांबलो असतो तर त्याला ब्रेक दाबताना कळलं असतं, कारण ब्रेकचा दांडा जास्त आत गेला असता. म्हणून मी त्याच्या ब्रेकची तार ताणून दिली. हाताला फरक लागणार नाही, इतकी. हे मी मुद्दाम सांगतोय. चकत्या बदलणं घाबरून झालं असं म्हणता येईल. तार ताणताना मी शांतपणे विचार करत होतो.

मनाशी म्हणत होतो, तो कुठं ब्रेक दाबतो? आणि शनिवार झाला की परत बदलू.

शनिवारी सरांनी माझ्या चकत्या बघितल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "सुधारतोयस." आयुष्यात कुणाच्या शाबासकीनं मला इतकी धडकी भरली नव्हती. आणि मी त्या परत बदलल्या नाहीत. पुढच्या शनिवारीही लागणार होत्या ना. सोबती रोज माझ्यापुढं उतरायचा, रोज धडधाकट खाली पोचायचा, आणि मला रोज वाटायचं, बघ, काही होत नाही.

मग पाऊस लागून राहिला. तीन दिवस झड. दरीची वाट चिखलानं भरली. ओल्या मुरमाची वाळू चकतीत गेली की कानशीसारखी खाते, हे सरांनीच सांगितलं होतं. त्या तीन दिवसांत सोबत्यालाही ब्रेक दाबावे लागले.

ट्रायलच्या शनिवारी उघडीप होती. सरांनी सांगितलं, सोबती पुढं उतरेल, त्याच्या चाकाचा माग धरून नव्यानं मागं जायचं. माझा नंबर पहिला. आम्ही वर उभे. सर खाली, हातात घड्याळ. सोबत्यानं एक चाक उचलून फिरवलं, सवयीनं. माझं लक्ष त्या चाकाच्या तबकडीवर. तिच्यावर एक चकचकीत ओरखडा होता, गोल, नवा. धातूवर धातू घासल्याशिवाय तसा उठत नाही.

तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. थांब, तुझे ब्रेक बघ. तेवढेसुद्धा पुरे होते, खरं-खोटं नंतर बघता आलं असतं. मी तोंड उघडलंही. तो म्हणाला, "काय बे, भ्या वाटतंय? माज्या मागं ये, काय व्हत न्हाई." आणि खालून शिट्टी झाली. तो गेला.

मी त्याच्या मागं सुटलो. पहिल्या वळणावर मला आवाज आला. किर्रर्र. त्याच्या मागच्या चाकातून. दुसऱ्या वळणावर तोच आवाज, लांबलेला. त्यानं एकदा मागं वळून चाकाकडं बघितलं. मी ओरडलो, "थांब! थांब!" त्याला वाटलं मी चेव देतोय, त्यानं हात वर केला. माझ्या मुठी मिटलेल्याच होत्या. मी माणसाला वाचवायला धावलो असं मला सांगायला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी त्याच्या चांगल्या चकत्या दाबत दाबत, हळूहळू, सुखरूप खाली येत होतो आणि तो पुढं लांब जात होता.

तिसऱ्या वळणावर आवाज आलाच नाही, त्याचा ब्रेक लागलाच नाही. त्यानं पाय खाली टाकला, बुटाचा तळवा पुढच्या चाकाला लावला, बिनब्रेकच्या सायकलीवर आम्ही सगळेच लहानपणी लावायचो तसा. पण ओल्या टायरवर बूट घसरला. तो खडकाला खांदा घासून घाणेरीत जाऊन पडला.

मी सायकल टाकून त्याच्यापाशी गेलो. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हणाला, "हात हालंना बे." मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सर धावत वर आले. सरकारी दवाखान्यात नेलं, गळ्याखालचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोकं आपटलं असतं तर अवघड होतं. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

संध्याकाळी सरांनी मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात सोबत्याच्या चकत्या होत्या. चकत्या कसल्या, नुसत्या पत्र्याच्या चिपा. "चूक माझी," ते म्हणाले. "दोन वर्षांत मी याची सायकल एकदाही बघितली नाही. हा दाबतच नाही असं धरून चाललो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू वेळ सोडून थांबलास. ट्रायलमध्ये कोण थांबतं? तुझी जागा पक्की समज."

मी काय केलं? मी "हो सर" म्हणालो.

रविवार आणि सोमवार मी गप्प राहिलो. ते दोन दिवस सगळ्यांत भीतीचे होते. उतारावरची भीती निदान खाली पोचलं की संपते. मेसमधे कुणी माझं नाव घेतलं की मी ताट अर्धं सोडून उठायचो. शेडमधून कुणी येताना दिसलं तर वाटायचं, आता कळलं. अण्णांचा फोन आला, तो मी घेतला नाही. ट्रायल झाली का, एवढंच ते विचारणार होते आणि मला 'झाली, निवड झाली' असं सांगता आलं असतं. ते मला सांगता येईल, याचीच मला भीती वाटत होती.

मंगळवारी सकाळी सोबती झोळीत हात अडकवून खाटेवर बसला होता. त्याला शर्ट घालून द्यायचं, भांग पाडायचं काम माझ्याकडं होतं. मी त्याच्या बुटाची नाडी बांधत होतो. एका बुटाचा तळवा अर्धा फाटलेला. तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "मला आता भ्या वाटतंय बे उताराचं."

मी वर बघितलं नाही.

"काल जिना उतरताना कठडा धरला म्या," तो म्हणाला. "हात पक्का झाल्यावर बी सायकल घेईन का न्हाई, म्हाईत न्हाई. लई इश्वास हुता माजा तिच्यावर."

त्याचा विश्वास सायकलीवर होता. सायकलीनं काही केलं नव्हतं. माझी भीती मी त्याच्या चाकात बसवली होती, वर तार ताणून दिली होती. मला रडू फुटलं. नाडी हातात तशीच, आणि मी सगळं सांगितलं. शुक्रवारची दुपार, मेस, पिन, तार. बैलगाडीचंसुद्धा सांगितलं, जे कधीच कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानं नाडी सुटलेला पाय मागं ओढून घेतला. मला वाटलं आता तो चांगल्या हातानं थोबाडीत मारणार, आणि मारली असती तर बरं वाटलं असतं. शेवटी म्हणाला, "मागितल्या असत्यास तर दिल्या असत्या की." थोड्या वेळानं म्हणाला, "सरांना तू सांगतूस का मी सांगू?"

मी तसाच उठून सरांच्या खोलीवर गेलो. सरांनी उभ्या उभ्या ऐकलं. ते ओरडले नाहीत. सायकलीची किल्ली मागितली, मी दिली. मग म्हणाले, "तू घाबरतोस याचं मला काही नाही. घाबरलेल्या पोराला मी शिकवू शकतो. लपवणाऱ्याला कसं शिकवू?" मी दारापर्यंत गेल्यावर त्यांनी हाक मारली. "पुढच्या दसऱ्याला ट्रायल असेल. उतार तोच आहे. यायचं तर ये. पण तुझ्या चकत्या घेऊन ये."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फाट्यावर उतरलो. फ्लेक्स होता. पावसानं एक कोपरा सुटला होता आणि पुढाऱ्यांचा गाल फडफडत होता. मी मान खाली घालून गावात गेलो.

अण्णा अंगणात गाडीच्या चाकाला वंगण घालत होते. आठ दिवसांत ते निघणार होते. आई भाकरीचं पीठ डब्यात दाबून भरत होती. मी अण्णांच्या समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. निवड झाली नाही. फ्लेक्स लागला तेव्हाही झाली नव्हती. एका पोराचं हाड माझ्यामुळं मोडलं. घसरलेल्या गाडीपासूनची उताराची भीतीही सांगितली. सगळं सांगून होईपर्यंत त्यांचा हात चाकावर थांबून होता.

"त्या पोराचं आता कसं हाय?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

"बरं हाय. झोळी अजून एक महिना."

"त्याच्या मायबापाच्या पाया पडून यायचं. मी बी येतो संगं." मग ते बैलांकडं बघत म्हणाले, "ती गाडी घसरल्याली तुला याद हाय व्हय? मला वाटलं, बारका हुता, इसरला असंल." त्यांनी हाताचं वंगण चिंधीला पुसलं. "चूक माजी हुती. उतार लागायच्या आधी कासरा ओढायचा, बैलाची चाल हळू करायची, आन् उतारात ढिला सोडायचा. बैल आपलं आपण बघतो. त्या दिशी मी भेलो आन् उतारात ओढून धरला. म्हणून त्यो गुडघ्यावर आला."

बारा वर्षं मी त्यांची चूक शिकत आलो होतो, आणि त्यांनीही ती कुणाला सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोघं घाटनांदूरला गेलो. सोबत्याच्या आईनं अण्णांना चहा दिला, मला दिला नाही. निघताना मात्र तिनंच विचारलं, "खाट गेली म्हनं हॉस्टेलातली. मग कॉलेजला कुठून जानार?" आणि स्वतःच उत्तर दिलं, "इथं ऱ्हा. एसटी हाय सकाळची." त्या घरात मी पहिले कित्येक दिवस मान वर करून जेवलो नाही. सोबत्याची झोळी निघाल्यावर आम्ही दोघं गावामागच्या टेकाडावर जायचो. सायकली हातात धरून उतार चालत उतरायचो. कोण आधी बसणार यावर वाद व्हायचा आणि दोघंही बसायचो नाही.

संक्रांतीच्या सुमाराला मी आई-अण्णांना भेटायला कारखान्यावर गेलो. ऊसतोडीच्या कोप्या एका माळावर रांगेनं होत्या, बांबूच्या, वर ताडपत्र्या नाहीतर जुने फ्लेक्स. आमची कोपी मला ओळखू आली नाही, इतरांच्या छपरांवर छापलेले चेहरे होते आणि आमची वरून कोरी पांढरी. आईनं हाक मारली तेव्हा वाकून आत शिरलो.

वर बघितलं तर छताला मी. गॉगल घातलेला. चुलीच्या बाजूला पुढाऱ्यांचा चेहरा धुरानं काळा झाला होता, पण माझ्या बाजूचे रंग लखलखीत. 'निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' ही अक्षरं बरोबर आई-अण्णांच्या अंथरुणावर. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. गावात एवढे फ्लेक्स असतात, माझाच का आणला?

"अण्णा," मी म्हटलं, "उलटा कावून टाकलाय? सगळ्यांनी छापल्याली बाजू वर ठिवलीय."

अण्णा कोयत्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"वर ठिवली असती तर उनानं रंग उडाला असता," ते म्हणाले. "फुडल्या दसऱ्याला परत लावायचा हाय न्हवं."

आईनं ताटात भाकरी वाढली, मी ती हातात घेतली. मूठ मिटलेलीच होती, आणि ती सोडायला शिकण्यासाठी दसऱ्यापर्यंत माझ्याकडं नऊ महिने होते.